मातीपर्यंतची वाट

२ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात एक करार झाला आणि दुर्ग शहराजवळच्या भिलाई या लहानशा खेड्याचे भाग्य पालटले. चारच वर्षांनी, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी, राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिली झोतभट्टी सुरू झाली. हा सारा मुलूख १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या राज्याचा भाग होता. त्यामुळे मराठी माणसाला तो परका नव्हता. मुंबईहून हावड्याकडे जाणारा लोहमार्ग विदर्भ ओलांडून याच भूमीतून पुढे जातो, आणि त्या वाटेने नोकरीच्या शोधात गेलेली कितीतरी मराठी कुटुंबे भिलाईतच स्थिरावली.

कारखान्याभोवती जी वसाहत उभी राहिली ती आपोआप वाढलेली नव्हती. ती आखून वसविलेली होती. निरनिराळे सेक्टर, रुंद रस्ते, दुतर्फा वृक्षांच्या रांगा आणि कित्येक घरांच्या पुढेमागे थोडीबहुत मोकळी जागा, असा तिचा घाट होता. अशा जागेला छत्तीसगढी माणूस बारी म्हणतो. आपण तिला परस म्हणतो. नावे दोन, पण हौस एकच. चार वांगी, दोन भेंड्या, कुंपणावर चढलेला वालाचा वेल आणि दाराशी तुळस, एवढे असले की भट्टीच्या धगीतून परतलेल्या माणसाचा जीव निवतो. पुढे १९७२ मध्ये भारत-सोव्हिएत स्नेहाचे प्रतीक म्हणून भिलाईत मैत्री बाग निर्माण झाली. पोलादाच्या गावाने बागेची हौस अशी दुहेरी जपली. घरातही आणि गावासाठीही.

याच भिलाईची दुसरी ख्याती रुळांसाठी आहे. भारतीय रेल्वेची अगणित चाके भिलाईत ओतलेल्या आणि लाटलेल्या रुळांवरून धावतात. चाकाला सपाट, सलग आणि बेताच्या चढाची वाट लागते, हे या नगरीला कोणी शिकवावयास नको. परंतु चाकांच्या खुर्चीवर बसलेला मनुष्य आपल्या देशातील एखाद्या सामान्य उद्यानाच्या दाराशी येतो, तेव्हा त्याला काय आढळते? गुरे आत शिरू नयेत म्हणून बसविलेले फिरते फाटक, त्याच्यापुढे दोन पायऱ्या, आणि पायऱ्यांच्या पलीकडे सैल वाळूची पायवाट. गुरांसाठी घातलेला अडसर माणसालाही अडवतो. आणि घरच्या परसात तरी निराळे काय असते? उंबरा, एक पायरी, आणि मग ओल्या मातीत रुतणारी चाके.

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात हालचालीचे अपंगत्व असलेल्या व्यक्तींची संख्या सुमारे ५४ लाख होती. त्या सर्वच व्यक्ती चाकाच्या खुर्चीवर बसतात असे नाही. काहींना कुबडी पुरते, काहींना तीनचाकी. पण त्यांतल्या पुष्कळांचा बागेशी असलेला संबंध एकाच रीतीने तुटतो. जमीन दीड हात दूर जाते. खुर्चीत बसलेल्या माणसाला ती स्वच्छ दिसते, तिचा वास येतो, पण हाताला ती लागत नाही. मग घरातील माणसे प्रेमाने म्हणतात, “तुम्ही बसा, आम्ही करतो.” त्या प्रेमात खोट नसते. तरीही त्या दिवसापासून झाडाचा धनी केवळ प्रेक्षक होतो. कोणत्या वेलीला आज पाणी द्यावे आणि कोणती फांदी छाटावी, हे आता दुसरा कोणी ठरवतो. बागकाम सुलभ करण्याच्या साऱ्या खटाटोपाचा हेतू हा हिरावलेला अधिकार परत देणे, हा आहे.

हा प्रश्न तसा फार जुना नाही, आणि त्याला एक कारण आहे. मणक्याला इजा होऊन कमरेखालचे अंग लुळे पडलेला मनुष्य पूर्वीच्या काळी बहुधा जगतच नसे. पाठीवर पडणाऱ्या जखमा आणि मूत्रमार्गाचा संसर्ग यांनी थोड्याच काळात त्याचा अंत होई. फेब्रुवारी १९४४ मध्ये इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमान यांनी अशा रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग सुरू केला. दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलणे, संसर्ग टाळणे आणि त्याला लवकरात लवकर कामाला लावणे, या साध्या वाटणाऱ्या शिस्तीने त्यांनी मृत्यूला मागे हटविले. त्याआधी, १९३३ च्या सुमारास, हर्बर्ट एव्हरेस्ट आणि हॅरी जेनिंग्ज या दोघा अमेरिकन अभियंत्यांनी पोलादी नळ्यांची, घडी घालता येणारी खुर्ची तयार केली होती. एव्हरेस्ट हे स्वतः खाणीतील अपघाताने पंगू झालेले होते. वैद्यकाने आयुष्य दिले आणि पोलादाने चाके दिली. त्यानंतरच दीर्घ काळ जगणाऱ्या, हिंडूफिरू इच्छिणाऱ्या माणसापुढे मातीपर्यंत कसे पोहोचावे हा प्रश्न उभा राहिला. गेल्या पाऊणशे वर्षांत त्याची मुख्यतः तीन उत्तरे शोधली गेली.

पहिले उत्तर असे की, माणसालाच पुन्हा जमिनीवर उतरवावे. या मार्गातील भारताची देणगी जगप्रसिद्ध आहे. १९६८ च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी रबराचे एक कृत्रिम पाऊल सिद्ध केले. पाश्चात्त्य बनावटीच्या पायाला बूट लागे. तो घालून मांडी घालता येत नसे, उकिडवे बसता येत नसे, आणि चिखलात तर तो निकामीच होई. परंतु भारतीय शेतकऱ्याचे निम्मे काम उकिडवे बसून आणि अनवाणी होते. निंदणी, रोप लावणी आणि भाजी खुडणी या सगळ्यांना गुडघा मोडावा लागतो. जयपूरचे पाऊल या गरजेतून जन्मले, म्हणून ते शेताच्या बांधावर टिकले. परंतु ज्याचा मणकाच मोडला आहे, त्याच्या उपयोगी हे उत्तर पडत नाही. त्याला पाय आहेत. त्या पायांना मेंदूचा हुकूम पोहोचत नाही.

दुसरे उत्तर मराठी भूमीत मिळाले, आणि ते एका वेगळ्याच व्याधीच्या निमित्ताने. मुरलीधर देविदास आमटे, म्हणजेच बाबा आमटे, यांनी वरोरा येथे १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली. १९५१ मध्ये सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि खिशात चौदा रुपये, एवढ्या भांडवलावर त्यांनी आनंदवनाचा प्रारंभ केला. मिळालेली जमीन खडकाळ आणि झुडपांनी भरलेली होती. कुष्ठरोगाने बोटे झडतात असा समज सर्वत्र होता. वस्तुतः रोग मज्जातंतूंना मारतो, संवेदना जाते, आणि मग नकळत होणाऱ्या जखमा व भाजणे यांमुळे हातपायांची हानी होते. वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून केलेल्या कामाने हे सिद्ध झाले. ज्या हाताला वेदना कळत नाही, त्या हाताला कुदळीचा दांडा सोलून काढतो आणि त्याचा पत्ताही लागू देत नाही. म्हणून दांडा जाड करणे, त्यावर कापड गुंडाळणे आणि दिवसाअखेर तळहात डोळ्यांनी तपासणे, हा या उपचाराचाच भाग ठरतो. हत्यार माणसाप्रमाणे बदलावयाचे असते, हा धडा येथे मिळतो. चाकाच्या खुर्चीवर बसून बाग करणाऱ्यालाही तो तितकाच लागू आहे.

आनंदवनातील माणसांनी विहिरी खोदल्या, धान्य पिकविले, भाजीपाला काढला. परंतु खरी परीक्षा पुढेच होती. कुष्ठरुग्णांनी पिकविलेली भाजी आणि त्यांच्या गाईचे दूध वरोऱ्याची माणसे घेईनात. १९५४ मध्ये एका आंतरराष्ट्रीय सेवासंघटनेचे तरुण स्वयंसेवक आनंदवनात येऊन राहिले. त्यांनी रुग्णांच्या बरोबरीने बांधकाम केले आणि तेथलेच अन्न खाल्ले. परदेशी माणसे निर्भयपणे जेवतात हे पाहून गावाची भीती ओसरू लागली. पीक काढणे हे निम्मे काम असते. ते बाजारात विकले जाणे हे उरलेले निम्मे. आनंदवनात पुढे अंध, मूकबधिर आणि हातापायांनी अधू अशा कित्येकांना स्थान मिळाले. दान माणसाला दुबळे करते आणि काम त्याला उभे करते, हे बाबांच्या विचाराचे सूत्र होते. त्यांना स्वतःला पाठीच्या कण्याच्या विकाराने ग्रासले. कित्येक वर्षे त्यांना बसता येत नसे; ते एकतर उभे असत, नाहीतर पडून. तरी ९ फेब्रुवारी २००८ रोजी देहावसान होईपर्यंत त्यांचे चित्त झाडांमाणसांतच होते.

याच सूत्राचा दुसरा धागा भिलाईच्याच मुलखात गुंफला गेला. भिलाईहून त्याच लोहमार्गाने रायपूर आणि बिलासपूर ओलांडून पुढे गेले की चांपा लागते. सदाशिव गोविंद कात्रे हे रेल्वेतील एक मराठी कर्मचारी. त्यांना कुष्ठरोग झाला आणि समाजाने दूर लोटल्याचा अनुभव त्यांनी स्वतः घेतला. १९६२ मध्ये त्यांनी चांपा येथे भारतीय कुष्ठ निवारक संघाची स्थापना केली. पुढे अमरावती जिल्ह्यातून आलेले दामोदर गणेश बापट यांनी ते काम आपले आयुष्य देऊन वाढविले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१९ मध्ये ते निवर्तले. या आश्रमातही भिक्षेची जागा शेतीने, भाजीपाल्याने आणि लहान उद्योगांनी घेतली. छत्तीसगढच्या मातीत मराठी माणसांनी केलेली ही पेरणी आहे.

तिसरे उत्तर सर्वांत सोपे, म्हणूनच बहुधा ते सर्वांत उशिरा सुचले. माणूस खाली जाऊ शकत नसेल तर माती वर आणावी. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत जखमी सैनिकांच्या रुग्णालयांत बागकाम हा उपचाराचा भाग होऊ लागला. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात बागकामातून उपचार करणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या. शिकागोच्या वनस्पतिउद्यानात १९९९ मध्ये अपंगांना स्वतः काम करता येईल अशी एक खास बाग खुली झाली. तिच्यामागील एक प्रमुख प्रेरक, जीन रॉथर्ट, स्वतः चाकाच्या खुर्चीवरून बागकाम करीत आणि ते शिकवीत. उंच बांधलेले वाफे, गुडघे आत जातील असे मेजासारखे वाफे, कप्पीने खालीवर होणाऱ्या टांगत्या कुंड्या आणि लांब दांड्याची हलकी हत्यारे, ही त्या पद्धतीची मुख्य अंगे होत.

ही कल्पना विलायती वाटेल. परंतु मराठी घराला ती अगदीच अपरिचित नाही. अंगणातील तुळशीवृंदावन म्हणजे दुसरे काय? कमरेएवढ्या उंचीचा, चारही बाजूंनी जवळ जाता येईल असा, बांधीव वाफाच तो. वृद्ध आजीला न वाकता पाणी घालता यावे अशीच त्याची उंची असते. द्राक्षाचा किंवा दोडक्याचा मांडव पाहावा. त्याखाली बसलेल्या माणसाच्या माथ्याशी फळ लोंबते. खुर्चीवरून हात वर केला की ते खुडता येते. रोपवाटिकेतील गादीवाफा तर आपल्या शेतकऱ्याच्या नित्य परिचयाचा आहे. तो फक्त वीतभर उंच असतो, त्याला आणखी दोन विती चढवावयाच्या एवढेच. प्रा. श्रीपाद अच्युत दाभोलकर यांनी १९६६ मध्ये सुरू केलेल्या प्रयोग परिवाराने तर, मातीचा तुटवडा असला तरी पालापाचोळ्यापासून सुपीक माती घरच्या घरी तयार करता येते आणि गच्चीवरही पीक घेता येते, हे शेकडो घरांना पटवून दिले. ज्याला गच्चीवर माती नेता येते, त्याला ती खुर्चीच्या उंचीवरही नेता येईल.

आणि चाकाच्या खुर्चीवरील माणसांनी स्वतः उभारलेले कामही महाराष्ट्रात आहे. किशोरवयात कमरेखाली पंगू झालेल्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था स्थापन केली. त्यांच्या ‘चाकाची खुर्ची’ या आत्मकथनाने हजारो मराठी वाचकांना या आयुष्याची ओळख करून दिली. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळ तालुक्यात मोरे या गावी संस्थेने ‘स्वप्ननगरी’ उभारली. काजूवर प्रक्रिया करण्याचे काम तेथे अपंग व्यक्तींच्या हातांनी चालते. कोकणातल्या झाडाचे फळ त्यांच्या मेजापाशी येते आणि तेथून ते बाजारात जाते. बाग म्हणजे केवळ खणणे नव्हे. बी निवडणे, रोप तयार करणे, फळ सोलणे, तोलणे आणि विकणे, ही सारी बागेचीच कामे आहेत, आणि त्यांतली बहुतेक बसून होतात.

आता हे ज्ञान भिलाईच्या एखाद्या घराच्या परसात कसे उतरवावे? मापे थोडी आहेत आणि ती ध्यानात ठेवण्याजोगी आहेत. वाफ्याची उंची ६० ते ७५ सेंटिमीटर असावी. एकाच बाजूने हात पोहोचत असेल तर रुंदी ६० सेंटिमीटरांपेक्षा अधिक नको. दोन्ही बाजूंनी जाता येत असेल तर १२० पर्यंत चालेल. वाट किमान ९० सेंटिमीटर रुंद आणि घट्ट ठोकलेली हवी. जेथे खुर्ची वळवावयाची तेथे दीड मीटरची मोकळी जागा हवी. पायरीच्या जागी उतार करताना एक हात चढण्यासाठी बारा हात लांबी द्यावी. वाफ्याच्या भिंतीला विटा चालतात, दगड चालतो, जुने पिंपही चालते. मात्र तळाला पाणी निघून जाण्यास भोके हवीत. तेथील भाटा जमीन मुरमाड आणि कोरडी, तर कन्हार काळी आणि चिकट. यांपैकी कोणतीही एकटी वाफ्यात भरू नये. शेणखत आणि पालापाचोळ्याचे खत मिसळून माती हलकी करावी, म्हणजे बसल्या बसल्या एका हाताच्या खुरप्यानेही ती हलते.

यात दोन धोके आहेत, आणि भिलाईच्या उन्हाळ्यात ते दोन्ही खरे आहेत. मेच्या उन्हात ठेवलेले लोखंडी पिंप तव्यासारखे तापते. ज्याच्या मांडीला संवेदना नाही त्याला त्या धातूचा स्पर्श कळत नाही. कळते ती दुसऱ्या दिवशीची जखम. म्हणून धातूच्या वाफ्याला बाहेरून गोणपाट गुंडाळावे, अथवा विटांचा वाफा करावा. दुसरा धोका अंगातील उष्णतेचा. मणक्याला वरच्या भागात इजा झालेल्या पुष्कळांना इजेच्या खाली घाम येत नाही. त्यांचे शरीर लवकर तापते. त्यांनी सकाळचे कोवळे ऊन गाठावे, डोके झाकावे आणि पाणी जवळ ठेवावे. उंच वाफा लवकर वाळतो, तेव्हा त्यालाही पाचोळ्याचे आच्छादन हवे. माणूस आणि वाफा या दोघांची गरज येथे सारखीच आहे. सावली आणि पाणी.

कायद्याने आपले काम बव्हंशी केले आहे. अपंग व्यक्तींचा पहिला व्यापक कायदा १९९५ साली आला. २००७ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कविषयक करारास मान्यता दिली. २०१६ च्या नव्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले आणि सार्वजनिक ठिकाणी सर्वांना प्रवेश मिळणे हा हक्क मानला. परंतु कायदा फाटकापर्यंत नेऊन सोडतो. फाटकाच्या आत वाफा किती उंच असावा, आणि त्या वाफ्यात काय लावावयाचे हे कोणी ठरवावे, हे घराने आणि गावाने ठरवावयाचे असते.

आनंदवनाच्या खडकावर पहिली कुदळ पडली तेव्हा ज्यांना समाजाने निकामी ठरविले होते, त्यांनीच ती उचलली होती. त्यानंतरचा इतिहास पाहता असे दिसते की, जेथे जेथे हत्यार बदलले, वाट सपाट झाली किंवा माती दोन हात वर उचलली गेली, तेथे तेथे निकामी ठरलेला माणूस कामाचा निघाला. माणसात काही बदल झाला नव्हता; बदलली होती ती बाग. लोखंड वितळवून त्याला हवा तो आकार देणाऱ्या नगरीला विटांचे चार थर रचणे अवघड नाही. एखाद्या परसात तसा वाफा तयार झाला, तर घरातल्यांनी एक पथ्य मात्र पाळावे. त्यात पहिले बी कोणते पेरावयाचे, हे खुर्चीवर बसलेल्या माणसाला विचारावे, आणि पहिली भाजी त्याच्याच हाताने खुडली जाऊ द्यावी.